खमंग भाजलेली माती

माझं लग्न ठरवायला वाईचे पाहुणे आले तेव्हा त्यांनी रीतसर विचारलं, मुलगा काय करतो? माझे वडील खोटं बोलत नसत. आमच्या घराण्यातला हा जुना दोष आहे. ते म्हणाले, "माती गोळा करतो." पाहुण्यांनी चहाची बशी खाली ठेवली. वडिलांना वाटलं, जरा खुलासा करावा. म्हणून ते पुढे म्हणाले, "आणि तिच्यातली बुरशी वाढवतो."

तरीही लग्न झालं. सासऱ्यांनी पुढे खासगीत सांगितलं की त्यांनी मनातल्या मनात 'शेतीखातं' असा अर्थ लावून घेतला होता. बायको मात्र अजून, मुलांचे कान तिकडे आहेत हे बघून, 'मातीवाले, जेवायला या' अशी हाक मारते.

सध्या मी साताऱ्याच्या एका दवाखान्यात लोकांचं रक्त-लघवी तपासतो. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही, आणि जे आहे ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्यासारखं नाही. तेव्हा मातीचंच सांगतो.

एकोणीसशे चाळीसच्या दशकाची शेवटची वर्षं. मी नुकताच बी. एस्सी. झालो होतो, तेही अशा वर्गात की घरात त्याचा उल्लेख कुणी करत नसे. सांगलीत डॉक्टर इनामदार म्हणून होते. त्यांचा दवाखाना चांगला चालायचा, पण जीव रमायचा तो गावभागात भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत. तिथे त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. तिच्यात एक सूक्ष्मदर्शक, एक वाफेचं भांडं, पुष्कळशा काचेच्या बशा आणि मी, एवढं सामान होतं. जंतू वाढवायला उबेची पेटी लागते, तेवढी नव्हती. सांगलीच्या उन्हाळ्यात ती कुणालाच लागत नाही.

लढाई संपल्यावर पेनिसिलिन आपल्याकडच्या दवाखान्यांत पोचलं होतं. बर्फात घालून आणायचं, तीन-तीन तासांनी टोचायचं, आणि ज्यांच्या नावाने घरच्यांनी रडून घेतलेलं असायचं ती माणसं उठून भाकरी मागायची. पण डॉक्टरांच्या लवकरच लक्षात आलं की काही जखमांतल्या पुवाला ते लागू पडत नाही. पहिल्या खेपेला जे मूठभर चिवट जंतू वाचले त्यांचीच प्रजा वाढली, आणि त्या प्रजेला पेनिसिलिन म्हणजे गुलाबपाण्याचा शिंतोडा. असला एक जंतू आम्ही बशीत पाळला होता. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला जावई म्हणायचो. त्याला वेळेवर खायला घालावं लागे, ऊबदार जागा द्यावी लागे, आणि काही केल्या तो जात नसे.

त्याच्यावर उतारा शोधायचा तर मातीत का शोधायचा? आपल्या भागातल्या माणसाला हे चटकन कळेल. चिमूटभर मातीत जंतूंचं आख्खं गाव असतं, सगळे एकमेकांचे भाऊबंद, म्हणजे बांधावरून वैर आलंच. त्यातला एखादा आपल्या वाफ्याभोवती असं काही विष सोडतो की शेजाऱ्याचं उगवणंच बंद. पेनिसिलिन हे एका बुरशीचं असलंच विष. जंतूला मारतं आणि माणसाला सोडतं, म्हणून त्याला औषध म्हणायचं. आमचं काम एवढंच, की जावयाला बांधापलीकडे रोखील असा भाऊबंद हुडकायचा.

रीत साधी होती. चिमूटभर माती उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायची, ते पाणी आणखी पाण्यात, मग आणखी पाण्यात, आणि शेवटचा थेंब बशीतल्या जेलीवर पसरायचा. जेली चायना ग्रासचीच, मुलांना करून घालतात ती. फक्त तिच्यात साखरेऐवजी मांसाचा रस घालावा असं पुस्तकात होतं, आणि इथे अडचण आली. आमचे घरमालक चौगुले जैन. वांग्यात अळी निघाली तर ती परसात सोडून येणारा माणूस. पहिल्याच दिवशी ते दारात येऊन उभे राहिले. त्यांनी सगळं शांतपणे समजावून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ह्या जिवास्नी तुमी खाऊ घालता, वाढिवता, आणि मग मारता?"

डॉक्टर म्हणाले, "मी नाही मारत. मी फक्त त्यांची भांडणं बघतो."

चौगुल्यांनी विचार केला. "मग चालंल. गावात आमी बी तेच करतो. पर मटणाचं पाणी माझ्या घरात न्हाई."

तेव्हा आम्ही हरभऱ्याच्या पाण्यावर आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर जंतू पोसले. पेंड चौगुल्यांच्याच घाण्यावरून यायची. माझ्या माहितीत शाकाहारी जंतुशाळा ती एकच.

बशा धुऊन झाल्या की माझी फिरती सुरू व्हायची. सायकल, सर्व्हिस मोटार, नाहीतर रेल्वे, आणि खांद्यावरच्या झोळीत भट्टीत तापवलेल्या कागदाच्या पुड्या. वरचा थर खरवडायचा, वीतभर खालची माती चमच्याने घ्यायची, पुडीवर गावाचं नाव घालायचं. सुरुवातीला मी दारोदार जाऊन "मूठभर माती द्या" म्हणायचो. कराडजवळ एका बाईने मला अंगणातून हाकललं, तेव्हा डोक्यात उजेड पडला की मूठमाती मागत सणावारी कुणाच्या दारात जाऊ नये. पुढे मी चमचाभर मागू लागलो. पलूसच्या एका शेतकऱ्याला त्यातही अपमान वाटला. पाहुणा रानात आला आणि चमच्याने घेऊन गेला म्हटल्यावर गाव काय म्हणेल? त्याने पोतं भरलं आणि सायकलला बांधूनच मला सोडलं. साताऱ्याच्या डोंगरउतारावर तर दोघेजण अर्धा दिवस माझ्या मागोमाग होते. मी गुप्तधन शोधतोय अशी त्यांची खात्री होती. शेवटी पुडी उघडून दाखवली. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "चल गड्या, शिकल्यालं दिसतंय." त्या आवाजातली कीव अजून माझ्या कानात आहे.

आता जावई ज्याच्या घरून आला त्याची ओळख करून देतो. त्याचं नाव सिद्राम. सांगलीजवळ हरिपूरच्या रानात हळद साठवायची पेवं आहेत. पेव म्हणजे जमिनीतला खोल रांजणच समजा. तोंड जेमतेम माणूस जाईल एवढं, आत मोठं पोट. आत हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं तिला काही होत नाही. पेव उघडलं की आधी आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग कंदील सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. तो उतरणारा माणूस म्हणजे सिद्राम. दोरी नावालाच. तो दोन्ही पाय भिंतींना रेटून पाल उतरावी तसा उतरायचा आणि तसाच वर यायचा.

त्याच्या नडगीला खोऱ्याचं पातं लागलं. जखम चिघळली. पेनिसिलिनने आधी उतार पडला, मग जखम पुन्हा फुटली, मग पेनिसिलिनचं काही चालेना. त्याच पुवातून आमचा जावई बशीत आला होता. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. तोवर जखम हाडाला भिडलेली दिसली, नाहीतर पायावर लाल रेघ चढू लागली, तर पाय गुडघ्याखाली कापायचा.

एकदा पट्टी बदलताना सिद्राम म्हणाला, "डागदरसाब, त्या पेवात हळद कुजत न्हाई. मी जलमभर त्याच मातीत लोळतुया. मग माझाच पाय कसा कुजला?"

डॉक्टरांचा हात थांबला. मला म्हणाले, "कुलकर्णी, पेवातली माती का आणली नाही आपण?"

सिद्राम उतरू शकत नव्हता, म्हणून मी उतरलो. काठावर तो काठी टेकून बसला, दोरी चौघांनी धरली. मी अर्ध्यात पोचलो आणि गोल गोल फिरायला लागलो. वरून आवाज आला, "मास्तर, पाय भितीला लावा. लोंबकाळायला तुमी काय देवळातली घंटा हाय व्हय?" मी पाय लावले. पाय घसरले. खाली पोचलो तेव्हा कंदील जळत होता, त्यावरून मी जिवंत आहे असं धरून चाललो. माती घेतली, आणि मला वर काढलं ते अर्थातच पोत्यासारखं.

दोन दिवसांनी बघतो तर पेवाच्या मातीभोवती बशीत सुरेख गोल कडं पडलेलं! मी आनंदाने चौगुल्यांना मिठी मारली, वडिलांना कळवलं, मलकापूरच्या आत्याला कळवलं, सिद्रामला सांगून आलो. डॉक्टर संध्याकाळी आले आणि त्यांनी बशी खिडकीशी धरली. कडं होतं खरं, पण पिवळं होतं. मातीतली हळद जेलीत उतरली होती, आणि त्या पिवळ्या रिंगणात जावई ऐसपैस वाढला होता. आम्ही जावयाला हळद लावली होती, एवढंच.

सिद्रामला डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. त्याने पायावरचं धोतर सारखं केलं. मग माझी पडलेली मान बघून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. पेवात उतरला तर खरं." आणि डॉक्टरांकडे वळला, "दसरा कवा हाय?"

दसऱ्याला थोडे आठवडे होते. माझी एकट्याची फिरती पुरेना, म्हणून मी सगळ्या नातलगांना सांगावे धाडले, औषधाच्या कामासाठी माती पाठवा. आमचं गोत मोठं आहे आणि उत्साह त्याहून मोठा. वाईच्या मामांनी घाटावरची माती पाठवली, कुंकू वाहून. तासगावच्या चुलतभावाने पानमळ्यातली पाठवली, सोबत पानं. कुणी तुळशीतली, कुणी औदुंबराखालची. परसातल्या उकिरड्याची माती, जी मला खरी हवी होती, ती पाठवायची सगळ्यांनाच लाज वाटत होती. आणि आत्या मात्र स्वतःच आली, लाडवांचा डबा घेऊन. झाकण उघडलं तर आत माती. तांबूस, मोकळी, आणि चक्क वास येत होता.

"आत्या, ही अशी कशी?"

"भाजलीय."

"माती भाजलीस?"

"मग? औषधात घालणार म्हणालास ना? कच्ची माती कुणाच्या पोटात घालतोस, बाळ्या? गोठ्यामागची आहे, चाळून घेतली आणि मंद आचेवर परतली. तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून कढई उतरवावी लागली. नाहीतर आणखी खमंग झाली असती."

डॉक्टर तिथेच होते. ते हसले नाहीत. त्यांनी डबा नाकाशी नेला, छान झालीय म्हणाले आणि मला बशी घ्यायला सांगितली. त्यांचा नियम होता, आलेल्या पाहुण्याला पानावरून उठवायचं नाही. भाजलेल्या मातीत काय जिवंत असणार? मी आत्या गेल्यावर तोंड वाकडं करून बशी घातली आणि तिच्यावर 'आत्या' असं लिहून कोपऱ्यात सरकवून दिली.

बाकीच्या बशांत दोन दिवसांत नेहमीची जत्रा भरली. हिरवी बुरशी, काळी बुरशी, वाहणारे, पसरणारे, एकमेकांच्या अंगावर चढणारे. आत्याची बशी कोरी. आठवडा गेला. एका सकाळी बशा धुवायला घेतल्या तर आत्याच्या बशीत रांगोळीचे ठिपके. पांढरे, खडूसारखे कोरडे, जेलीत घट्ट रुतलेले. झाकण काढलं तर नांगरलेल्या रानाचा वास आला.

काय झालं होतं ते आम्हाला हळूहळू उमगलं. पंगतीत हावरी माणसं आधी बसली की मागच्यांपर्यंत भात पोचत नाही. मातीतही तेच. भराभर वाढणारे जंतू अख्खी बशी खाऊन टाकतात, आणि सावकाश वाढणारे पण विष करण्यात पटाईत असे जे असतात ते आम्हाला कधी दिसतच नव्हते. आत्याच्या कढईने हावऱ्यांना पंगतीतून उठवलं होतं. चिवट बीज धरून बसलेले तेवढे वाचले. आणखी खमंग झाली असती तर तेही गेले असते. म्हणजे श्रेय कुणाचं म्हणाल, तर उतू गेलेल्या दुधाचं.

त्या ठिपक्यांतला एक उचलून जावयाच्या शेजारी पेरला. दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती मोकळं मैदान. मी या वेळी कुणाला मिठी मारली नाही. डॉक्टरांनी बशी उजेडाला धरली, चष्मा पुसला, परत धरली.

मी म्हणालो, "हळद नाही."

"दिसतंय," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

पण जंतू मारणं सोपं, माणूस राखणं अवघड. हरभऱ्याच्या पाण्यात तो ठिपका आम्ही बाटल्या भरभरून वाढवला. गाळलेलं पाणी नारिंगी दिसायचं. डॉक्टरांनी आपल्या घरी ते सशाला टोचलं. सशाची मूत्रपिंडं बिघडली आणि तो गेला. त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या. म्हणजे रक्तात घालायची सोय नव्हती. राहता राहिला वरून लावायचा मार्ग. त्याच्या पहिल्या प्रयोगाला डॉक्टरांनी माझा दंड खरवडला, कारण त्यांच्या मते ससा आणि मनुष्य यांच्यामध्ये मी बरोबर बसत होतो. मला खाज सुटली आणि दंड आठवडाभर झेंडूसारखा दिसला. बाकी काही झालं नाही.

मग सिद्रामला बोलावलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. आत्याच्या भाजलेल्या मातीपासून ससा मेल्यापर्यंत सगळं सांगितलं. वरून लावून गुण येईल की नाही ते माहीत नाही, अपाय होणारच नाही असंही छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणाले.

"आन न्हाई लावलं तर?"

"तर दसऱ्यानंतर पाय जाईल."

सिद्राम म्हणाला, "डागदरसाब, एका पायावर पेव मला आत घील, वर सोडायचं न्हाई. लावा."

सकाळ-संध्याकाळ त्या नारिंगी पाण्यात भिजवलेल्या घड्या जखमेवर ठेवायच्या. रोज त्याची लघवी तपासायचं काम माझ्याकडे. सशासारखं काही दिसलं की त्याच क्षणी थांबायचं ठरलं होतं. लघवीची नळी मी दिव्यावर तापवायचो, आणि ती गढुळली नाही की मी इतका खूश व्हायचो की चौगुले विचारायचे, आज काय गोड हाय का? पहिले काही दिवस जखम होती तशीच. एकदा तर ती भोवतीने लालभडक झाली, आणि डॉक्टरांनी सर्जनना निरोप धाडायची तयारी केली. दुसऱ्या दिवशी लाली उतरली. मग एका सकाळी पट्टी सोडताना सिद्रामच्या बायकोने नाकावरचा पदर खाली घेतला. तिला कळलंही नाही तिने काय केलं ते. डॉक्टरांना कळलं. जखमेचा वास गेला होता.

त्यानंतर तळातून डाळिंबाच्या दाण्यासारखं नवं मांस दिसू लागलं. दसऱ्याला सर्जन येऊन गेले. त्यांनी दाबलं, हुंगलं, हाडाशी बोट नेऊन बघितलं. म्हणाले, "तूर्त थांबू." ते पुढे थांबलेच.

वाचकांना वाटेल, मग ते औषध कुठे आहे? कुठेही नाही. डॉक्टरांनी तो ठिपका एका मोठ्या संस्थेकडे पाठवला. उत्तर नम्र होतं. असलीच जात आधी सापडलेली आहे, मूत्रपिंडांना घातक आहे, धन्यवाद. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आमच्याकडचाही ठिपका थकला. दिसायला तोच, वाढायचा तसाच, पण जावयाला अडवीनासा झाला. पाळलेल्या जंतूंचं असं होतं. पुन्हा त्याच जागची माती आणावी म्हणून मी धावत मलकापूरला गेलो, तर आत्याने गोठ्यामागे शहाबादी फरशी घातलेली. 'तुझे डॉक्टर कधी बघायला आले तर' म्हणून, मुद्दाम! आम्ही पुढे गावोगावची माती आत्याच्या रीतीने भाजली, घड्याळ लावून, तापमान मोजून. प्रयोगशाळेत रोज कुणाचं तरी बारसं असल्यासारखा वास यायचा. तशी माती पुन्हा लागली नाही. डॉक्टर म्हणायचे, दूध कधी उतू जाणार हे ठरवता आलं असतं तर शास्त्र सोपं झालं असतं.

हळहळ वाटते, नाही असं नाही. पण मी हिशेब वेगळा करतो, आणि तो मला पेवाच्या काठावर सुचला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर हरिपूरला एक पेव उघडायचं होतं. सिद्रामने हट्टाने निरोप पाठवून डॉक्टरांना आणि मला बोलावून घेतलं. तोंडावरची माती काढली, हवा जाऊ दिली, कंदील सोडला. तो जळत राहिला. सिद्रामने काठी बाजूला टाकली. नडगीवर तळहाताएवढा गुळगुळीत गुलाबी वण होता. दोरी घेऊन चौघे उभे होते, पण त्याने ती कमरेला सैल बांधली आणि तोंडाशी बसून आधी डावा पाय भिंतीला लावला, मग तो उजवा, दुखरा. क्षणभर तिथेच थांबला. डॉक्टर माझा दंड धरून उभे होते, झेंडूचा होता तोच. मग सिद्रामने अंगाचा सगळा भार त्या पायावर टाकला आणि तो आत गेला.

आम्ही वाकून बघत राहिलो. खाली नुसता अंधार आणि कंदिलाचा ठिपका. पाय सरकल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होतो. तो आला नाही. बराच वेळ काहीच आलं नाही. दोरी सैलच होती, ताणली गेली नव्हती. डॉक्टरांनी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात कंदिलामागोमाग सोडलेली टोपली वर ओढा असा खालून इशारा झाला. हळदीच्या पहिल्या टोपलीला काठावर नमस्कार करतात. माणसांनी टोपली वर घेतली. हळदीवर एका कोपऱ्यात, पळसाच्या पानात, ओंजळभर माती बांधून ठेवलेली होती.

आणि पेवाच्या पोटातून सिद्रामचा घुमणारा आवाज आला, "मास्तर, आवं, अशीच चालंल का भाजून देऊ?"